मूळ फाइल पुसण्याआधी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अहिराणी गाणी, जात्यावरच्या ओव्या आणि कानबाईच्या उत्सवातील गीते ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे काम खानदेशात अनेक हौशी मंडळी आपापल्या परीने करीत आहेत. मुद्रण कसे करावे, माइक कोठे धरावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण मुद्रण झालेल्या अवजड फायली एका साठ्यातून दुसऱ्या साठ्यात कशा हलवाव्यात याविषयी कोणी बोलत नाही, आणि आमचे नुकसान नेमके तेथेच झाले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

चार वर्षांपूर्वी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास आम्ही चोपडा तालुक्यातील एका आजींची झोक्यावरची गाणी दोन दिवस बसून मुद्रित केली. त्या एकोणीस फायली एका वाचनालयाच्या संगणकावर उतरवल्या, रेकॉर्डरचे कार्ड पुढच्या कामासाठी मोकळे केले आणि मग त्या फायली कट-पेस्ट करून बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवल्या. पडद्यावरची पट्टी पूर्ण भरली आणि मिनिटभरात वीज गेली. वीज आल्यावर डिस्क उघडली तेव्हा एकोणीसही नावे जागच्या जागी होती, परंतु त्यांतील सहा नावांपुढे आकार शून्य केबी असा दिसत होता. संगणकावरच्या मूळ फायली तोवर पुसल्या गेल्या होत्या. आजी त्याच पावसाळ्यात गेल्या.

यात वाचनालयातील कोणाचा दोष होता असे मी म्हणणार नाही. संगणक पुष्कळदा मजकूर आधी स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीत घेतो आणि डिस्कवर सावकाश उतरवतो. पट्टी भरली म्हणजे मजकूर डिस्कवर पोहोचला असे नव्हे. कट-पेस्ट करताना तिकडची प्रत उघडून कोणी पडताळत नाही, तरीही इकडची प्रत पुसली जाते.

याला उपाय आहे आणि तो फुकट मिळतो. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेल्या, फायलींतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या प्रणालीवर आधारलेले गिट-ॲनेक्स हे साधन जोई हेस यांनी २०१० मध्ये सुरू केले. त्यात फायलींची नावे आणि कोणती फाइल कोठे आहे याची नोंद प्रत्येक साठ्यात राहते. प्रत्यक्ष अवजड मजकूर मात्र ज्या साठ्यात ठेवायचा तेथेच राहतो. आमचा एक साठा अमळनेरच्या संगणकावर, दुसरा धुळ्यातील एका स्नेह्यांकडच्या डिस्कवर आणि तिसरा पुण्यातील संगणकावर आहे. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत गिट ॲनेक्स मूव्ह, मग फाइलचे नाव आणि शेवटी कोणत्या साठ्याकडे न्यायची ते, अशी एक ओळ टाइप केली की फाइल निघते. पलीकडे पोहोचल्यावर तिची एसएचए-२५६ या गणिती पद्धतीने मजकुरावरून काढलेली खूण जुळते का ते तपासले जाते, आणि जुळली तरच इकडची प्रत पुसली जाते. मध्येच नेट तुटले तर मूळ फाइल जागेवरच असते आणि तीच ओळ पुन्हा दिली की राहिलेले काम पुढे सुरू होते. अलीकडच्या आवृत्त्यांत धुळ्याहून थेट पुण्याला हलवण्याची आज्ञाही अमळनेरहून देता येते. फाइल तेवढ्यापुरती आमच्या संगणकावरून जाते आणि काम झाल्यावर येथे उरत नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो या साधनाचा नकार. किमान दोन प्रती हव्यात असे आम्ही त्यात एकदा नोंदवून ठेवले. मागच्या महिन्यात जागा करावी म्हणून मी एका ओवीची फाइल ड्रॉप करायला, म्हणजे येथली प्रत काढायला, सांगितली, तेव्हा आवश्यक दोनपैकी एकाच प्रतीची खात्री पटते असे कळवून त्याने ती काढण्यास नकार दिला. पुण्याला ती पाठवायची राहूनच गेली होती. त्या सहा फायलींच्या वेळी असे अडवणारे कोणी असते तर त्यांतला आजींचा आवाजही आज आमच्यापाशी असता.

अडचणीही आहेत. सर्व संदेश इंग्रजीत येतात, आणि विंडोजपेक्षा लिनक्सवर हे साधन अधिक सुरळीत चालते. चोवीस बिट, अठ्ठेचाळीस किलोहर्ट्झचे तासाभराचे स्टिरिओ मुद्रण सुमारे एक जीबी भरते. सेकंदाला चार मेगाबिट अपलोड मिळाले तरी ते चढायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो, त्यामुळे आम्ही पहिली प्रत डिस्कवरूनच नेतो. डिस्क किंवा पेन ड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीचा असेल तर त्यावर चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, हेही चित्रीकरण करणाऱ्यांनी आधीच पाहून घ्यावे.

इतिहासाचार्य राजवाडे यांचे १९२६ मध्ये धुळ्यात निधन झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या संग्रहासाठी तेथे संशोधन मंडळ उभे राहिले. जुने कागद जपणाऱ्या या भागात ध्वनीच्या फायली एकेका डिस्कच्या भरवशावर पडून राहाव्यात, हे मनाला लागते.

आपल्या वृत्तपत्रामार्फत माझी जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या संगणक विभागांना विनंती आहे की, त्यांनी चैत्रातला एखादा रविवार या संग्राहकांना द्यावा, त्यांच्या डिस्क समोर ठेवून घ्याव्यात आणि मूव्ह, कॉपी, ड्रॉप व फाइल कोठे आहे ते सांगणारी व्हेअरइज या चार आज्ञा त्यांच्या हातून करवून घ्याव्यात. वैशाखात आखाजी येते आणि गावोगावी झोके बांधले जातात. त्या दिवशी निघणाऱ्या फायली कोठे जायच्या हे तोवर ठरलेले असावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, अमळनेर