पाठकोऱ्या कागदावरचं ताक

डॉक्टर बाई,

आम्ही तुमच्या लक्षातही नसू. ऐन पावसात कोकणातून आलेली अडुसष्ट वर्षांची बाई, हनुवटीला पाच टाके, आणि तिच्या वतीने सगळीकडे बोलणारा मुलगा. तो मी.

आई अंगणात शेवाळावरून घसरली. हातात फुलांची परडी होती. ती सोडली असती तर हात टेकले असते, पण देवाची फुलं ना! थेट हनुवटीवर आपटली. परडी सुटली नाही हे अजून अभिमानाने सांगते.

पहिल्या दवाखान्यात टाके सुबक घातले, त्याबद्दल तक्रार नाही. पण "दात पहिल्यासारखे बसत नाहीत" असं ती सांगत होती, तर "सूज आहे, उतरेल" हे उत्तर मला मिळालं. दुसरीकडे कानापाशी ठणकतं म्हणाली, तर कानात घालायला थेंब दिले. आठ दिवस बाई चहात भिजवलेल्या बिस्किटांवर होती. तोंड मिटून दाखवा, एवढंही कुणी म्हटलं नाही.

तुम्ही आधी तेच म्हणालात. दाढा टेकल्या, पुढचे दात उघडेच राहिले. दोन्ही कानांपुढे बोटं ठेवून तोंड उघडायला लावलंत आणि फोटो निघायच्या आधीच मला म्हणालात, "मार हनुवटीला बसतो, मोडतं इथे वर. जबड्याच्या सांध्याखालची हाडाची मान बारीक असते." फोटोत दोन्हीकडची मान मोडलेली.

हे तर आमचं कामच, म्हणाल. म्हणा. माझ्या मनातून जात नाही ते तारा बांधल्यानंतरचं. जबडे बंद, उशाशी तारा कापायचं कटर टांगलेलं, ओकारी आलीच तर म्हणून. येणारा-जाणारा मलाच विचारायचा, आजींनी काही घेतलं का? तुम्ही स्टूल ओढून बसलात, एक पाठकोरा कागद तिच्यापुढे धरलात आणि पेन दिलंत. आई चौथी शिकलेली, अक्षर सावकाश उमटतं. मी मध्येच सांगायला गेलो तर म्हणालात, "त्यांना लिहू द्या." मागून कुणी हाक मारली, तुम्ही नुसता हात वर केलात.

तिने लिहिलं, 'बाय, ताक चालेल?'

तिला ऐकू येत होतं, तरी तुम्ही खाली लिहून दिलंत, 'चालेल. दोनदा गाळून. मिरची नको.'

आठ दिवसांत पहिल्यांदा कुणी तिला उत्तर दिलं होतं. माझ्यासकट. औषधं, यंत्रं पुष्कळ ठिकाणी असतात हो. पेशंटच्या अक्षरासाठी थांबणारं माणूस मात्र मी तेव्हाच पाहिलं, आणि आपण आईच्या तोंडचं किती बोलून टाकतो याची लाजही वाटली.

आता ती भाकरी खाते, कडेचा पापुद्रा काढून. कागद देव्हाऱ्याच्या खणात आहे. तुमच्यासाठी आमसुलं बाजूला ठेवली आहेत, नको म्हणू नका. परडीला मी दोरी लावून दिली आहे. खांद्याला अडकवते, हात मोकळे.