लढाया दिसल्या, नेपोलियन कुठाय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऐतिहासिक सिनेमाचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी बजेट आणि व्हीएफएक्सवरच अडते, म्हणून लिहितोय. रिडली स्कॉटचा २०२३ चा 'नेपोलियन' बघा. दिग्दर्शनाला नाव ठेवायला जागा नाही. ऑस्टरलिट्झची लढाई तर काय घेतलीय, बर्फावर तोफगोळे पडतात, तळं फुटतं, माणसं घोडे सगळे आत, पाण्यात रक्त पसरत जातं, आपण खुर्चीत ताठ. (खरोखर एवढी माणसं तिथे बुडाली नव्हती म्हणतात, पण चालतं हो, सिनेमा आहे.)

पण डेव्हिड स्कार्पाच्या स्क्रिप्टने १७९३ ते १८२१ सगळं अडीच-पावणेतीन तासात कोंबलंय आणि त्या नादात नेमकं हवं तेच गाळलंय. १७९६-९७ ची इटलीची मोहीमच नाही! अहो २६ वर्षांचा हा पोरगेला जनरल, हाताखाली उपाशी, धड बूटही नसलेली फौज, तिला घेऊन त्याने ऑस्ट्रियाला लोळवलं, शिपायांचा जीव त्याच्यावर जडला तो तिथेच. सिनेमा मात्र पॅरिसहून थेट इजिप्तला, तिथे पिरॅमिडवर तोफ डागायची (जे कधी घडलंच नाही) आणि बायकोचं लफडं कळलं की घरी परत. त्यामुळे होतं काय, १८१५ ला एल्बा बेटावरच्या हद्दपारीतून सुटून आल्यावर त्याला पकडायला आलेले शिपाई त्यालाच जाऊन मिळतात, तो सीन स्कॉटने झकास घेतलाय पण मला काही म्हणजे काही वाटलं नाही, कारण ह्या लोकांनी त्याच्यासोबत काय भोगलं ते आधी दाखवलंच नाही ना. स्पेनचं युद्धही गायब. नेपोलियन झालेला वाकीन फिनिक्स बिचारा करणार काय, त्याला रुसायला आणि चिडायलाच लावलंय.

ह्याच दिग्दर्शकाचा २००५ चा 'किंगडम ऑफ हेवन' थिएटरला असाच पोकळ वाटला होता. नंतर पाऊणएक तास वाढवलेला डायरेक्टर्स कट आला, त्यात जेरुसलेमची राणी सिबिला हिच्या लहान मुलाला कुष्ठरोग झाल्याचा अख्खा ट्रॅक परत आला आणि ती बाई अशी का वागते ते एकदम कळायला लागलं. दिग्दर्शक तोच, जेरुसलेमचा वेढाही तोच, फरक पडला तो गोष्टीने.

आपल्याकडेही आता शिवकालावर धडाधड सिनेमे येतायत, त्यांच्याबद्दल वेगळं सांगायला नको. फक्त एक विनंती, तुमच्या परीक्षणात दिग्दर्शक, हिरो, संगीतकार सगळ्यांची नावं असतात, पटकथा कोणाची ते शोधूनही सापडत नाही. तेवढं छापत जा.

एक नियमित वाचक, सांगली