नवा संगणक नको, जुनाच नीट करू : आई-बाबांना पत्र

ठाणे,
दि. १८ जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बाबा, रत्नागिरीतल्या दुकानदाराने दिलेले नव्या संगणकाचे कोटेशन तुम्ही पाठवलेत, ते मी ओळन्‌ओळ वाचले. अठ्ठेचाळीस हजार रुपये खर्च करण्याचे आपल्याला काहीही कारण नाही असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते का, हे फोनवर तुटक-तुटक सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे म्हणून हे पत्र. वाचनालयाचे हिशेब मार्चअखेर पुरे व्हायचे आहेत आणि संगणक सुरू व्हायलाच दहा मिनिटे लागतात, ही तुमची अडचण खरी आहे. पण त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय आपल्याला फार महाग पडेल.

परवा तुम्ही टास्क मॅनेजर, म्हणजे संगणकाचा कोणता भाग किती कामात आहे ते दाखवणारी खिडकी, उघडून मला आकडे वाचून दाखवलेत : प्रोसेसर १२ टक्के, मेमरी ९१ टक्के, डिस्क १०० टक्के. या तीन आकड्यांतच सगळे निदान आहे. ज्या प्रोसेसरला ‘आउटडेटेड’ म्हणून कोटेशनमध्ये नावे ठेवली आहेत, तो चौथ्या पिढीचा कोअर आय-थ्री जवळजवळ रिकामा बसून आहे. अडले आहे ते हार्ड डिस्कपाशी. त्या डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेऱ्या घेते आणि तिच्यावरची एखादी नोंद वाचायची तर आधी वाचणारी दांडी योग्य जागी सरकावी लागते, मग तबकडीचा तो भाग फिरून तिच्याखाली येण्याची वाट पाहावी लागते. यात दर वेळी बारा-तेरा मिलीसेकंद जातात. ऐकायला हे काहीच वाटत नाही, पण या हिशेबाने डिस्क सेकंदाला अशा विखुरलेल्या नोंदी शंभरसुद्धा वाचू शकत नाही, आणि विंडोज सुरू होताना तर लहान-लहान फायली हजारोंनी वाचते. त्यात आपली रॅम, म्हणजे चालू काम तात्पुरते धरून ठेवणारी मेमरी, फक्त ४ जीबी. ब्राउझरमध्ये चार पाने उघडली की ती भरते, आणि भरली की विंडोज तिच्यातला मजकूर त्याच थकलेल्या डिस्कवर उतरवून ठेवू लागते. एकूण काय, एका दुखण्यातून दुसरे वाढते. कुकरची वाफ धरेना म्हणून आईने कधी कुकर भंगारात घातला नाही, रिंगच बदलली. इथेही तेवढेच करायचे आहे.

म्हणून काल शनिवारी मी लॅमिंग्टन रोडला जाऊन आले. (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नाव आहे, पण ग्रँट रोड स्टेशनबाहेर कोणालाही विचारले तरी तो लॅमिंग्टन रोडच म्हणतो. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, त्यामुळे शनिवारची गर्दी सोसावी लागते.) तिथून हार्ड डिस्कच्या जागी बसवायला ५०० जीबीची एक एसएसडी घेतली. तिच्यात फिरणारा एकही भाग नाही, सगळी साठवण चिपमध्ये असते, त्यामुळे जी नोंद शोधायला जुन्या डिस्कला बारा मिलीसेकंद लागतात ती हिला मिलीसेकंदाच्या दहाव्या भागात सापडते. मी अडीच इंची, साटा जोडणीचीच (हार्ड डिस्कच्याच वायरीवर चालणारी) मागितली. विक्रेता मात्र च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी एम डॉट टू प्रकारची पट्टी पुढे करत होता आणि ती कितीतरी पट वेगवान असल्याचे सांगत होता. त्याचे म्हणणे खोटे नाही, पण आपल्या २०१४ सालच्या मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग ज्याला जोडलेले असतात त्या मुख्य पाटीवर, ती बसवायला खाचच नाही. साटाची मर्यादा सेकंदाला साधारण ५५० एमबी आहे आणि हिशेब, पत्रे, बँक, व्हिडिओ कॉल एवढ्या कामांना ती भरपूर होते.

रॅमच्या बाबतीत जरा विचित्र परिस्थिती आहे. गेल्या वर्षाच्या अखेरपासून मेमरीचे भाव भडकले आहेत, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरना ती प्रचंड प्रमाणात लागते आणि कारखाने आपला माल तिकडे वळवत आहेत. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबरमध्ये क्रुशियल हा सामान्य ग्राहकांसाठीचा आपला व्यवसायच बंद करत असल्याचे जाहीर केले. नवा संगणक घ्यायला हा काळ वाईट आहे, हेही त्या कोटेशनला नाही म्हणण्याचे एक कारण समजा. आपल्याला लागते ती डीडीआर-थ्री, दोन पिढ्या मागची. ती डेटा सेंटरला नको असते, पण नवीही सहसा मिळत नाही. बाजारात येते ती बहुतेक कंपन्यांच्या जुन्या संगणकांतून काढलेली. अशी ८ जीबीची एक पट्टी मी घेतली आहे. दोन खाचांपैकी एकीत सध्याची ४ जीबी राहील, दुसरीत ही बसेल, आणि मिळून १२ जीबी होईल. जुनी वस्तू घ्यायला माझी हरकत नसते, मात्र तपासल्याशिवाय ती मी लावणार नाही. मेमरी तपासणारा एक लहानसा कार्यक्रम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवायचा आणि सकाळी एकही चूक दिसली नाही तरच ती ठेवायची. दिसलीच तर बदलून द्यायचे विक्रेत्याने कबूल केले आहे आणि तसे बिलावर लिहून घेतले आहे.

बिलाचे सांगायलाच हवे. एका दुकानात ‘बिल नको असेल तर कमी करतो’ असे मला सरळ सांगण्यात आले. सुट्या भागांवर अठरा टक्के जीएसटी आहे, त्यामुळे मोह पडण्यासारखी रक्कम वाचते. पण एसएसडीची हमी काही वर्षांची असते आणि ती मागायला गेल्यावर पहिला प्रश्न बिलाचाच येतो. बाबा, रास्त बिलाबद्दलचा तुमचा कटाक्ष लहानपणी मला जाच वाटायचा, आता मीही दुकानात उभी राहून बिलावरचा अनुक्रमांक खोक्यावरच्या अनुक्रमांकाशी ताडून पाहते.

आता एसएमपीएसबद्दल, म्हणजे भिंतीवरची वीज संगणकाच्या भागांना लागेल तशी करून देणाऱ्या डब्याबद्दल. कोटेशनमध्ये याचा उल्लेखसुद्धा नाही आणि माझ्या मते आपल्या घरात सर्वांत धोक्याची वस्तू हीच आहे. कॅबिनेटबरोबर जो फुकट आला होता तोच अकरा वर्षे चालू आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत त्याच्यावर ठळक अक्षरांत ‘४५० वॅट’ असे छापलेले दिसते, पण खालच्या बारीक तक्त्यात बारा व्होल्टच्या रकान्यात फक्त १६ अँपिअर आहे. बारा गुणिले सोळा म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर, पंखे, डिस्कची मोटर अशी खरी कामे बारा व्होल्टवरच चालतात, म्हणून त्या डब्याची खरी ताकद १९२ वॅटच धरायची. आपल्या संगणकाला शंभर वॅटसुद्धा लागत नाहीत, त्यामुळे आजवर निभावले. मात्र आतले कपॅसिटर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने फुगतात, विजेचा प्रवाह अस्थिर होतो, आणि असा स्वस्तातला एसएमपीएस जळताना एकटा जळत नाही, मदरबोर्ड आणि डिस्क यांनाही सोबत नेऊ शकतो. रत्नागिरीत पावसाळ्याच्या तोंडावर विजा कडाडतात आणि वीज दिवसातून कितीदा येते-जाते, हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणून ‘एटी प्लस’ प्रमाणपत्र असलेला, म्हणजे भार कमी असो वा पूर्ण, घेतलेल्या विजेपैकी निदान ऐंशी टक्के वीज संगणकापर्यंत पोचवणारा नवा एसएमपीएस घेतला आहे. त्याने संगणक तसूभरही वेगवान होणार नाही, तरीही या सगळ्या खरेदीत मी सर्वांत निश्चिंतपणे दिलेले पैसे तेच.

बँकेचे संकेतस्थळ ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाही, या तुमच्या तक्रारीत बँकेचा दोष नाही आणि व्हायरसही नाही. मुख्य वीज बंद केली की संगणकाचे घड्याळ मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलवर चालते. तो सेल संपला आहे, त्यामुळे सकाळी संगणक लावला की तारीख कित्येक वर्षे मागे जाते, आणि प्रत्येक संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला ठराविक मुदत असल्याने ब्राउझरला ते चुकीचे वाटते. सीआर २०३२ नावाचा तीन व्होल्टचा हा सेल किरकोळ किमतीला मिळतो. तोही घेतला आहे. आल्यावर आतली धूळ ब्रशने काढीन, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलीन आणि दमट हवेने काळवंडलेल्या रॅमच्या सोनेरी कडा खोडरबराने पुसून घेईन.

आई, हा भाग तुझ्यासाठी. आजीच्या ओव्यांचे कॅसेटवरून उतरवलेले ध्वनिमुद्रण त्याच हार्ड डिस्कवर आहे आणि माझ्या माहितीप्रमाणे त्याची दुसरी प्रत कुठेही नाही. म्हणून मी आल्यावर स्क्रू खोलण्याच्याही आधी ओव्या, फोटो आणि वाचनालयाच्या फायली यांची नक्कल एका बाहेरच्या डिस्कवर करीन आणि ती तुझ्या कपाटात राहील. एसएसडी कितीही वेगवान असली तरी ती बिघडते तेव्हा बऱ्याचदा पूर्वसूचना देत नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर एकच प्रत ठेवायची नाही. जुनी हार्ड डिस्क तपासून पाहीन. खराब झालेल्या जागांची संख्या वाढलेली नसेल तर ती दुय्यम म्हणून आत राहू देऊ.

विंडोजचा प्रश्न उरतो. विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ साठी साधारण आठव्या पिढीपासून पुढचे इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, म्हणून आपला संगणक त्या यादीत बसत नाही. ‘मी तरीही ११ टाकून देतो’ असे जे दुकानदार म्हणाले ते अशक्य नाही, पण अशा संगणकाला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि ज्यावर तुम्ही बँकेचे व्यवहार करता त्यावर असली आडवाट मला मान्य नाही. वाढीव सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, तिच्यात मी आपली नोंदणी करून टाकीन. तोपर्यंत तुम्ही पेन ड्राइव्हवरून, विंडोजच्या जागी वापरता येणारे लिनक्स मिंट चालवून पाहा. ते विनामूल्य आहे, डिस्कवर काहीही न बदलता चालते, तुमचा मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहे आणि हिशेबाचे तक्ते लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. प्रिंटर मात्र त्यात चालतो की नाही हे बसून तपासावे लागेल, जुन्या लेसर प्रिंटरांच्या बाबतीत तिथेच घोडे अडते.

ग्राफिक्स कार्ड, नवा मॉनिटर, आय-फाइव्ह प्रोसेसर यांपैकी काहीही घेतलेले नाही. पुढे कधी मदरबोर्डच गेला तर मात्र त्याच्यामागे पैसे घालायचे नाहीत, कारण त्या जातीचे चांगले बोर्ड आता बनत नाहीत. तेव्हा मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांतून चार-पाच वर्षांनी निघालेला, आठव्या किंवा पुढच्या पिढीचा एखादा नूतनीकृत संगणक घेऊ. ऑप्टिप्लेक्स, थिंकसेंटर असले छोटे डबे बाजारात पुष्कळ येतात. त्यांचे एसएमपीएस आणि बोर्ड त्या-त्या कंपनीच्या मापाचे असतात, बाजारातला भाग त्यांत सहसा बसत नाही, हे तेव्हा लक्षात ठेवावे लागेल. पण एसएसडी आणि बाहेरची डिस्क तिकडे हलवता येईल, म्हणजे आजचा बराचसा खर्च वाया जाणार नाही.

बाहेरची डिस्क माझ्याकडे पडून होतीच, बाकी सगळे मिळून दहा हजारांच्या आसपास जाते. बाबा, तुम्ही पैसे पाठवण्याचा आग्रह धरणार हे मला ठाऊक आहे, म्हणून एक वस्तू तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. यूपीएस चांगला आहे, त्याची बॅटरी तेवढी गेली आहे. बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासाची बॅटरी तिथेच घ्या, कारण ती जड असते आणि जुनी परत दिली की किमतीत थोडी सूट मिळते. घेताना तिच्यावरची उत्पादनाची तारीख पाहा. दुकानात वर्षभर पडून राहिलेली बॅटरी नवी असूनही निम्मी मेलेली असते. कोटेशन देणाऱ्या गृहस्थांना सौम्य शब्दांत नकार कळवा, गावात पुन्हा कधी त्यांची गरज लागेलच.

प्रजासत्ताक दिन सोमवारी असल्याने मला तीन दिवस मिळतात. शनिवारी, २४ तारखेला, जनशताब्दीने येत आहे. तोपर्यंत वाचनालयाच्या नोंदी कागदावर करून ठेवा आणि संगणक शक्यतो लावू नका.

तुमची,
मीनल

ता. क. – लेसर प्रिंटर यूपीएसमधून काढून थेट भिंतीवरच्या प्लगला लावा. छापताना आतला रोलर तापवायला तो एकदम शेकडो वॅट ओढतो आणि आपला यूपीएस त्यासाठी नाही. हे मी येण्याची वाट न पाहता पत्र मिळताच करा.