आवाज शून्यावर ठेवणाऱ्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

हे पत्र बघून तुम्ही वैतागणार, हे मला ठाऊक आहे. "एवढ्याशा कामाचं काय एवढं," असं तुम्ही परवा दुकानात तीनदा म्हणालात आणि तिन्ही वेळा मान वर केली नाहीत. नाव छापू नका, गल्ली सांगू नका, नाहीतर लोक घरातले बंद पडलेले मिक्सर घेऊन दारात उभे राहतील, असंही बजावलंत. म्हणून नाव नाही आणि गल्लीही नाही. ज्याला कळायचं त्याला कळेलच. कोल्हापुरात टेपरेकॉर्डर उघडून बसणारी माणसं आता उरलीत किती?

तुमच्यापर्यंत येण्याआधी मी कुठं कुठं फिरले, ते तुम्हाला सांगितलंच नव्हतं. तुम्ही विचारलंही नाहीत.

जुलै २०२१. आमचं घर व्हीनस कॉर्नरच्या मागं, तळमजल्यावर. २०१९च्या महापुरानं आपण शहाणे झालोय, असा आमचा समज होता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्याही पुढं गेलं. सिलिंडर माडीवर नेला, फ्रिज चौघांनी धरून जिन्यावर चढवला, आईचं सोनं, सातबारा, आधार कार्डं, एवढंच काय लोणच्याची बरणीसुद्धा वर गेली. कॉटखालची पत्र्याची ट्रंक तेवढी खाली राहिली. ती मी विसरले. दुसरं कुणी विसरलं असतं तर निदान त्याच्यावर ओरडता तरी आलं असतं.

त्या ट्रंकेत दादाच्या एकतीस कॅसेटी होत्या. दादाला जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

काचेच्या दारांच्या एका मोठ्या दुकानातल्या मुलानं चिखल वाळलेली कॅसेट दोन बोटांत धरली, नाकाजवळ नेली आणि परत दिली. "मॅडम, ही सगळी गाणी मोबाइलवर फुकट मिळतात की." दुसऱ्या एका शहरात कुरिअर केलं. चार महिने ठेवून घेतलं आणि परत आलं तेव्हा खोक्यावर मी लावलेली चिकटपट्टी जशीच्या तशी. उघडलंच नव्हतं. तपासणीचे पैसे मात्र आधीच घेतले होते. तिसरे आमच्याच घरातले. ते म्हणाले, माणूसच गेला, आता कॅसेटी घेऊन काय करायचंय? यावर मी काही बोलले नाही, पण त्यांच्या घरचा चहा त्या दिवसापासून मला गोड लागत नाही.

मग ट्रंक माडीवर गेली आणि माडीवरच राहिली. त्याच्याही आधी, पाणी ओसरून जेमतेम महिना झाला होता, तेव्हा, २४ ऑगस्टला, ड्रमवाला चार्ली वॉट्स गेल्याची बातमी आली. दादाचा चार्ली. मी ट्रंक उघडली नाही.

तुम्ही पहिल्या दिवशी विचारलंत, "हा बेंजो कुठला म्हणायचा?" मला हसू आलं, पण प्रश्न चुकीचा नव्हता. लंडनचा बेंजो, मामा. रोलिंग स्टोन्स. १९६२ साली सुरू झाला आणि अजून वाजतोय. आपल्याकडं गणपतीत एवढी वर्षं टिकलेलं एक पथक दाखवा. चार्ली १९६३ पासून त्यांचा ड्रमवाला. २००३च्या एप्रिलमध्ये ते मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवायला आले, तेव्हा दादा महालक्ष्मी एक्सप्रेसनं जाऊन ऐकून आला होता. आल्यावर आम्ही विचारलं, कसा दिसतो रे चार्ली? म्हणाला, "अंगठ्याएवढा. पण सरळ बसलेला."

२०२३च्या ऑक्टोबरात, नवरात्रातल्या शुक्रवारी, त्यांचा नवा अल्बम आला. 'हॅकनी डायमंड्स'. स्वतःची नवी गाणी असलेला अल्बम त्यांनी अठरा वर्षांनी काढला. मधे २०१६ साली एक आला होता, पण ती सगळी जुनी ब्लूज गाणी, दुसऱ्यांची. देवळाकडचे रस्ते गर्दीनं बंद, आणि दादाचे चार मित्र गाड्या लांब कुठंतरी लावून आमच्या माडीवर चढले. दादा गेल्यापासून ते आमच्याकडं एकत्र असे आलेच नव्हते. एकाची बायपास झालेली, एकाच्या मांडीवर नातू. तांबडा-पांढरा मी केला होता, पण रस्सा निवला तरी कुणाचं लक्ष नाही. भांडण सुरू झालेलं.

वकील म्हणतोय, फार चकचकीत केलंय रे. निर्माता अँड्र्यू वॉट जन्मला १९९० साली, आपल्या कॅसेटी त्याच्याहून थोरल्या. त्याला यांच्यातली घाण काय कळणार? घाण हा त्यांच्याकडं स्तुतीचा शब्द आहे, मामा. मास्तर म्हणतात, त्यांचा गाणारा मिक जॅगर ऐंशी वर्षांचा आहे, तू आमचा जिना दम न खाता चढून दाखव, मग चकचकीत म्हण. बँकेतल्याचं एकच पालुपद: १९७२च्या 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट'नंतर यांनी दुकान बंद करायला हवं होतं. हे तो कॉलेजपासून म्हणतोय, आणि त्यानंतरचा प्रत्येक अल्बम सगळ्यांच्या आधी त्यानंच ऐकलेला असतो. शेवटच्या गाण्यावर मात्र चौघंही गप्प झाले. त्यात फक्त मिक आणि गिटारवाला कीथ आहेत, आणि गाणं अमेरिकेतल्या जुन्या ब्लूजवाल्या मडी वॉटर्सचं, १९५०चं, ज्याच्यावरून या पोरांनी बँडचं नाव घेतलं होतं.

मग पुण्याला शिकलेल्यानं खोडी काढली. बारा गाण्यांपैकी दोनांवर चार्ली आहे, २०१९ साली वाजवून ठेवलेला. बाकी जिथं ड्रम आहेत तिथं स्टीव्ह जॉर्डन. न बघता ओळखा. बाकीचे तिघं डोळे मिटून बसले. वकील दोन्ही चुकला, मास्तर एक चुकले, बँकेतल्यानं 'मेस इट अप' ओळखलं आणि 'लिव्ह बाय द सोर्ड'ला नाही म्हणाला. त्या गाण्यावर चार्लीच नव्हे, १९९३ साली बँड सोडलेला बेसवाला बिल वायमनसुद्धा आहे. म्हणजे जुनी जोडी शेजारी शेजारी वाजवत होती आणि आमच्या पंडितांना पत्ता नाही.

मास्तर हळूच म्हणाले, "तो असता तर पहिल्या आठ ठोक्यांत सांगितलं असतं."

आणि मग १९८६ निघालं. 'डर्टी वर्क' नावाच्या अल्बमची कॅसेट पुण्याहून आली होती आणि दादानं ती आमच्या टू-इन-वनवर कोऱ्या कॅसेटीत उतरवून घेतली होती. उतरवलेल्या कॅसेटीला कव्हर कुठलं? कुणी काय वाजवलंय ते लिहिलेलं कुठं असणार? शेवटून एक 'स्लीप टुनाइट' म्हणून गाणं. दादा म्हणाला, हा चार्ली नाही. चौघं हसहस हसले. ढोल कसा ओळखतोस, तो काय हलगी आहे का? पुढं कित्येक वर्षांनी छापून आलं, की चार्ली तेव्हा नशेच्या फेऱ्यात होता, त्या अल्बमवर बऱ्याच ठिकाणी दुसऱ्यांनी ड्रम वाजवले, आणि त्या गाण्यात ड्रमवर बसला होता गिटारवाला रॉनी वुड. हे छापून आलं तेव्हा चौघं चार गावांना होते. दादाला फोन करून "तुझं बरोबर होतं" असं एकानंही सांगितलं नाही. हे मी त्या रात्री त्यांच्या तोंडावर बोलले. रस्सा परत गरम केला, तो तसाच राहिला.

"ते सगळं टेप झालं होतं की," पुण्याचा म्हणाला. "वायर निघाली होती आणि बटण दाबलेलंच होतं."

ती कॅसेट ट्रंकेत होती.

आमच्या दूधवाल्यानं तुमचं दुकान दाखवलं. तुम्ही ट्रंक बघितलीत, तिचं झाकण बघितलंत आणि पहिला प्रश्न केलात, "पाणी नदीचं का गटारीचं?" दोन वर्षांत कुणी विचारलेला तो पहिला शहाणा प्रश्न. मग पाच स्क्रू काढलेत. आतली नखाएवढी फेल्टची गादी चिमट्यावर घेऊन दिव्याखाली धरलीत आणि म्हणालात, "हिच्यात चिखल बसलाय. टेप जिती आहे." जिती! मी स्टूलावर बसले होते म्हणून बरं.

पुढचं तुमचं तुम्हाला माहीत. मला एवढंच कळतं की नवी खोकी मिळत नाहीत म्हणून तुम्ही जुन्या भजनाच्या कॅसेटी फोडल्यात, आणि आता आमचं 'डर्टी वर्क' हरिपाठाच्या अंगात राहतंय. लेबलसुद्धा अर्धं आहे अजून. दादाला हे फार आवडलं असतं.

मधे एकदा तुमचा फोन आला. "ताई, हा ढोलवाला मागं राहतोय. मला वाटलं माझीच मोटर ओढतीय. दोनदा बदलून बघितलं. गिटार बरोबर आहे, हा माणूसच जरा उशिरा येतोय." मामा, यावर जगभर लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. बाकीच्या बँडमध्ये सगळे ड्रमवाल्याच्या मागं चालतात, इथं ड्रमवाला कीथच्या गिटारीच्या मागं, केसभर उशिरा. तुम्ही ते मोटर तपासताना पकडलंत. मी तो किस्सा चौघांना सांगितला. वकील म्हणाला, या माणसाला पुढच्या वेळी माडीवर आणा.

पण हे पत्र त्यासाठी नाही, टेप वाचली त्यासाठीही नाही. कॅसेटमागं साठ रुपये तुम्ही घेतलेत, मी दिले, तो हिशेब मिटला. पत्र आहे ते परवाच्या दुपारसाठी. तुम्ही ती कॅसेट काउंटरवर ठेवलीत आणि माझ्याकडं न बघता म्हणालात:

"ताई, ह्याच्यात शेवटाला घरची माणसं बोलाय लागली. मी लगेच आवाज शून्यावर केला. पुढचं नुसता काटा बघून तपासलंय. काटा शेवटपर्यंत हलतोय, म्हणजे आहे सगळं."

मी "बरं" म्हणाले आणि बाहेर आले. गाडीची किल्ली पर्समध्ये शोधत किती वेळ उभी होते कोण जाणे. किल्ली हातातच होती.

गेल्या वर्षी मोबाइलची काच बदलायला एका दुकानात दिला होता. तिथला मुलगा काच बसते का ते बघायच्या निमित्तानं माझ्या फोटोंवरून बोट फिरवत होता, माझ्या डोळ्यांदेखत. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही वाटलं नसावं, कारण मी काही बोलले नाही. आणि इथं एका माणसानं माझ्या घरातली नऊ मिनिटं हातात असताना, कुणी बघत नसताना, काम म्हणून ऐकणं हक्काचं असताना, आवाज बंद केला आणि नऊ मिनिटं नुसत्या काट्याकडं बघत बसला. वर पुन्हा त्यावर कुणी चुकून टेप करू नये म्हणून खोक्याच्या मागचे दोन्ही टॅब मोडून टाकले. ते दोन तुकडेसुद्धा कागदाच्या पुडीत बांधून दिलेत. "तुमचं आहे," म्हणालात. पूर आला की कोल्हापूर कसं धावून येतं, याच्या गोष्टी आपण सांगतो, आणि त्या खऱ्याच आहेत. होडीतून दूध आलं होतं आम्हाला. पण असं बाजूला होता येणं मी फार कमी बघितलंय. घरात कुणी रडत असलं की उंबऱ्याशी चपला न वाजवता परत फिरणारी माणसं असायची पूर्वी. तुम्ही त्यातले.

रविवारी चौघांना बोलावलं. 'स्लीप टुनाइट' संपलं. मग अर्ध्या मिनिटाचा पियानो, तो इयन स्ट्युअर्टचा. हा त्यांच्यातला सगळ्यात जुना गडी, १९८५च्या डिसेंबरात गेला, म्हणून त्यांनी अल्बमच्या शेवटी कव्हरवर न छापता त्याचा तुकडा ठेवला. पियानो थांबला, खर्रकन आवाज झाला, आणि दादा बोलायला लागला.

आवाज बारीक निघाला, मामा. माझ्या आठवणीत तो भारदस्त होता. वीस वर्षांचं पोरगं होतं की ते. "ऐक, ऐक, चार्ली इथं हात उचलतो," म्हणतोय आणि पेल्यावर चमचा वाजवतोय. टिक टिक, मग एक जागा सोडलेली, टिक टिक. "ह्यानं उचलला का? नाही उचलला." मागून वकील ओरडतोय, "बास कर की लेका, ढोल तो ढोल!" माडीवरच्या वकिलानं तोंडावर रुमाल धरला होता. शेवटी दादा मला हाक मारतो, चहा आण म्हणतो, आणि एक दहा वर्षांची पोरगी सांगते, "न्हाई आणणार, जावा." तिथं टेप संपते.

चौघांनी ती तीनदा ऐकली. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर बँकेतला म्हणाला, पण १९७२ नंतर थांबायलाच हवं होतं. भांडण परत सुरू.

एकतीसपैकी अठ्ठावीस घरी आल्या, दोन गेल्या. एक तुमच्याकडं राहिलीय, लेबल नसलेली, जिची टेप एकाला एक चिकटलीय म्हणालात. तिची घाई नाही. तिच्यात काय आहे ते मलाही माहीत नाही. पण निघाली आणि माणसं बोलायला लागली, तर या वेळी आवाज बंद करू नका, मामा. स्टूल ओढून घ्या आणि ऐका.

तुमची,
हरिपाठाच्या खोक्यातल्या कॅसेटवाली ताई