वाट चुकते ती कॉकपिटमधल्या गर्दीत

महोदय,

शिकाऊ वैमानिकाची वाट चुकली की ‘नकाशा वाचता येत नाही का?’ असा सूर निघतो. चूक बहुधा नकाशात नसते, एकाच वेळी अंगावर आलेल्या कामांत असते. वळणाच्या टप्प्यावर मिनिटभरात वेळ टिपायची, नवी दिशा धरायची, पुढची वेळ काढायची आणि रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलून कंट्रोलशी, म्हणजे जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रकाशी, बोलायचे. डोके मांडीवरच्या कागदात गेले की विमान हळूच कलते आणि दिशा सोडते. १०० नॉट (ताशी सुमारे १८५ किलोमीटर) वेगात १० अंशांची चूक ३ मिनिटे राहिली, तर विमान मार्गापासून सुमारे दीड किलोमीटर बाजूला जाते. त्यात जायरोचा (वेगाने फिरणाऱ्या चकतीवर चालणारा) दिशादर्शक आपसूक सरकत असतो. दर १०-१५ मिनिटांनी, सरळ आणि स्थिर वेगात असताना, तो होकायंत्राशी जुळवावा लागतो. गडबडीत नेमके तेच राहते.

खुणाही फसवतात. बारामती-इंदापूर पट्ट्यात साखर कारखान्यांच्या चिमण्या वरून सारख्याच, आणि उजनीचा काठ ऑक्टोबरात दिसतो तसा मेमध्ये दिसत नाही. रेल्वेमार्ग, नदीचे वळण, पूल अशा तीन खुणा जुळल्याशिवाय ठिकाण पक्के धरू नये. खाली दिसेल ते नकाशात कसेबसे बसवण्याची सवय तर सर्वांत घातक.

प्रशिक्षकांनी पुढची फ्रिक्वेन्सी वळणाच्या दोन मिनिटे आधीच शिकाऊंकडून स्टँडबायवर (रेडिओच्या राखीव खिडकीत) लावून घ्यावी. आधी विमान, मग दिशा, बोलणे शेवटी. टॅबलेटवरचा जीपीएस पडताळणीपुरता ठीक. लोहगाव हवाई दलाचा तळ आहे. त्या हद्दीत चुकून शिरणे परवडणारे नाही.

– एक वाचक, विमाननगर, पुणे