मिस्त्रीकाका, आप्पांची फियाट आता घाट चढते

प्रिय मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

सामानाचे पैसे तेवढे तुम्ही घेतलेत आणि मजुरीचं पाकीट जसंच्या तसं परत केलंत. आप्पांनी फारच आग्रह केला तेव्हा म्हणालात, "ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांना सांगा, माझे पैसे पोचले." म्हणून हे पत्र तुमच्या नावाने, पण सगळ्यांनी वाचावं असं लिहिते आहे.

गाडी १९६८ सालची. फियाट ११०० डिलाइट, १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला गिअर. आमच्याकडे ती आप्पांच्या उमेदीच्या काळापासून आहे. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेली, आणि ती कंपनी काढणारे वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे. त्यामुळे नाव इटालियन असलं तरी आप्पांनी ही गाडी कधी परदेशी मानली नाही. १९६४ साली आलेल्या या डिलाइट मॉडेलचं नाव पुढे १९७० च्या दशकात आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झालं. तुमचं सगळं आयुष्य याच इंजिनावर गेलं, हे त्या दिवशी घाटात भेटलात तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं.

दुखणं दुहेरी होतं. सकाळी चोक ओढला की गाडी सुरू व्हायची. अर्धा-पाऊण तास चालवून चहाला थांबलो की मात्र हटून बसायची. इंजिन पार निवेपर्यंत दाद द्यायची नाही. दुसरं म्हणजे कुठलाही चढ आला की तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकायचा. एका वर्कशॉपने इंजिन उतरवून बोअर करायला, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून पुन्हा कोरून घ्यायला सांगितलं. दुसऱ्या एकाने प्लग बदलले, कॉइल बदलली, रेडिएटरचं झाकण बदललं, वर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला आणि आता इलेक्ट्रिक फॅन बसवा म्हणाला. दर वेळी एखादा भाग नवा यायचा आणि त्रास तोच राहायचा. आप्पा ऐंशी पार केलेले. गाडी विकून टाकू या, असं ते स्वतःच म्हणायला लागले होते, आणि ते ऐकवत नव्हतं.

खंबाटकी घाटात पुण्याहून साताऱ्याकडे येताना पाणी उकळलं. बॉनेटखालून वाफ येत होती आणि मी फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला पुढे झाले होते. तुम्ही स्कूटर थांबवून लांबूनच ओरडलात, "ताई, झाकणाला हात लावू नका!" दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण सैल झालं की त्याच क्षणी उसळून अंगावर येतं, हे तुम्ही नंतर शांतपणे समजावलंत. गार पाणीही लगेच ओतू दिलं नाहीत. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड, म्हणजे त्यावर बसणारा भाग, ॲल्युमिनिअमचं. तापलेल्या हेडवर गार पाणी पडलं की ते वाकतं नाहीतर तडकतं. त्या दिवशी तुम्ही फक्त थांबायला लावलंत. माझा हात वाचला आणि गाडीचं हेडही वाचलं. याचे आभार सगळ्यात आधी.

मग वाईजवळच्या तुमच्या शेडमध्ये जे झालं ते मला सविस्तर लिहायचं आहे.

तुम्ही पान्याला हात लावण्याआधी प्रश्न विचारलेत. गाडी उभी असताना तापते की चढावर? उभ्या गाडीत, गर्दीत तापत असेल तर आधी फॅन आणि पट्टा बघायचा, कारण वारा कमी पडतोय. चढावर किंवा वेगात तापत असेल तर पाणी नीट फिरत नाही किंवा टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, बिघडलंय. सुरू होत नाही म्हणजे नेमकं काय होतं? सेल्फ फिरतच नाही, जड फिरतो, की चांगला फिरूनही इंजिन पकडत नाही? इतक्या ठिकाणी गाडी दाखवली, पण हे कोणी विचारलं नव्हतं. आप्पा खुर्ची ओढून बसले आणि आठवून आठवून उत्तरं देत राहिले. त्यांना इतकं बोलताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

इंजिन उतरवायची भीती तुम्ही पहिल्याच सकाळी घालवलीत. इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केलीत आणि रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात का ते बघत राहिलात. आले नाहीत. ऑइलची पट्टी काढलीत, त्यावर दुधाळ साय नव्हती. हेड गॅसकेट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) शाबूत आहे, बोअरचं नाव काढू नका, असं म्हणालात. एवढं बघायला खर्च काहीच नाही, वेळ दहा मिनिटांचा. हे आधी कुणी बघितलं असतं तर आप्पांच्या कितीतरी रात्री काळजीत गेल्या नसत्या.

मग डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाचं, झाकण उघडलंत. आत पॉइंट असतात, कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे, आणि त्यांना उघडणारा फिरता कॅम. पॉइंटची टाच, ती फायबरची छोटी गादी, कॅमवर कोरडी घासून झिजली होती. कॅमवर ग्रीसचा थेंबही नव्हता. फिलर (फट मोजायची पातळ पट्टी) घालून दाखवलात, गॅप हवी त्याच्या निम्मीसुद्धा उरली नव्हती. इथे तुम्ही जे समजावलंत त्याने माझ्या डोक्यातलं कोडं सुटलं, म्हणून ते नीट लिहिते.

गॅप कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतात. ठिणगी पडते ती पॉइंट उघडण्याच्या क्षणी, म्हणजे ठिणगीही उशिरा पडते. पिस्टन खाली निघाला तरी पेट्रोल जळतच राहतं. त्या आगीतून गाडी ओढायचं काम कमी होतं आणि उष्णता हेडला, एक्झॉस्ट व्हॉल्व्हला आणि पाण्याला जास्त मिळते. म्हणून चढावर ताकद नाही आणि काटा मात्र वर. दुसरीकडे, गॅप कमी म्हणजे पॉइंट जास्त वेळ मिटलेले, म्हणजे कॉइलमधून करंट जास्त वेळ वाहणार आणि कॉइल तापणार. शिवाय कंडेन्सर जुना, तोही गरम झाला की साथ सोडणारा. गाडी चहाला थांबवली की ठिणगी पिवळट, मरगळलेली. निवली की पुन्हा निळी. ज्या दोन दुखण्यांसाठी आम्ही दोन वेगळी बिलं भरत होतो, त्यांचं एक मोठं मूळ नखाएवढ्या फायबरच्या तुकड्यात होतं.

नवे पॉइंट, नवा कंडेन्सर, कॅमवर ग्रीसचं एक बोट, मग गॅप आणि त्यानंतरच टायमिंग. हा क्रम तुम्ही माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलात. आधी टायमिंग लावून मग गॅपला हात लावला तर टायमिंग पुन्हा हलतं.

तरीही तुम्ही तिथे थांबला नाहीत, आणि यासाठी मला तुमचा विशेष आदर वाटतो. गाडी सुधारली होती, आम्ही खूश होऊन निघालो असतो. तुम्ही गरम रेडिएटरवर, गाडी बंद करून, तळहात फिरवलात. वरचा भाग चटका देणारा आणि खाली एका कोपऱ्यात गार पट्टा. तिथून पाणी जातच नव्हतं. वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी भरलेलं, त्याचा क्षार नळ्यांत बसलेला. नवा रेडिएटर घ्या, असं तुम्ही म्हणाला नाहीत. टाकी उघडून कोअर, म्हणजे आतल्या नळ्या, साफ करून देणाऱ्या कारागिराकडे मला पाठवलंत. तोवर इकडे ब्लॉकचा पाणी सोडायचा कॉक उघडलात तर थेंब येईना. तार घालून खरवडल्यावर आधी गंजाचा चिखल आला, मग तांबूस पाणी. आप्पा म्हणाले, हे एवढं सगळं आत असेल असं वाटलं नव्हतं. नुसता रेडिएटर बदलला असता तर हाच चिखल महिन्याभरात नव्या कोअरमध्ये जाऊन बसला असता.

थर्मोस्टॅट तुम्ही परत बसवलात. बसवण्याआधी भांड्यात पाणी तापवून तो उघडताना आम्हाला दाखवलात. आपल्याकडे गाडी तापली की पहिल्यांदा तोच काढून टाकतात आणि मला ही पद्धत आता अजिबात पटत नाही. तो नसला की सकाळी इंजिन वेळेत तापत नाही, चोक जास्त वेळ ओढावा लागतो, पेट्रोल जास्त जळतं, आणि तापण्याचं खरं कारण झाकलं जातं. आता रेडिएटरमध्ये डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट आहे. बोअरचं पाणी पुन्हा या गाडीत जाणार नाही.

सेल्फ गरम झाल्यावर जड फिरायचा, त्याचं कारण अर्थिंगच्या, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह गाडीच्या पत्र्याला जोडणाऱ्या पट्टीत निघालं. बॅटरी नवी असूनही तुम्ही मीटर लावलात. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनाला, आणि मला सेल्फ मारायला सांगितलंत. मीटरने जवळजवळ दीड व्होल्ट दाखवले. तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर काहीच जायला नको. पट्टी ज्या बोल्टला होती तिथे कुणीतरी रंग मारला होता, त्याच्याखाली गंज. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत करून पट्टी आवळलीत आणि सेल्फचा आवाजच बदलला.

पेट्रोलची नळी एक्झॉस्टला जवळजवळ चिकटून गेली होती, ती तुम्ही लांबून फिरवलीत. त्या उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ धरते आणि पंपाला ती ओढता येत नाही. मुंबईत टॅक्सीवाले एसी पंपावर, म्हणजे इंजिनावरच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर, ओलं फडकं का टाकायचे, ते तेव्हा कळलं. शिवाय आता पेट्रोल भरायला गेलं की मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून पंपाचा डायफ्रॅम आणि रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्यायला लावल्यात. ज्यांची गाडी पन्नास वर्षांची आहे त्यांनी एवढं तरी लगेच बघावं. पेट्रोलची नळी गरम इंजिनावर फुटली तर त्याचा परिणाम गाडी बंद पडण्यापेक्षा फार वाईट असतो.

काम चालू असताना तुम्ही मुंबईत टॅक्सी दुरुस्त करायचात त्या दिवसांबद्दल थोडंच बोललात. गॅरेज, रात्रपाळी, पहाटे पाचला गाडी धंद्यावर गेलीच पाहिजे म्हणून उशाशी ठेवलेला टॉर्च. टॅक्सीवाल्याचा एक दिवस बुडला तर घरात त्या दिवसाचं काही येत नाही, म्हणून अंदाजाने भाग बदलायची सोयच नव्हती, असं तुम्ही म्हणालात. तुमची सवय तिथली आहे, हे मला तेव्हा समजलं. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. टीव्हीवर ती बातमी लागली तेव्हा तुम्ही बघितली नाहीत, एवढंच सांगितलंत. त्यावर आम्ही काही विचारलं नाही. पण त्या गाड्या ज्यांच्या हातांनी इतकी वर्षं चालल्या त्यांचं नाव कुठल्याच बातमीत नव्हतं, हे मला फार लागलं.

काका, मी शिकावं म्हणून तुम्ही प्रत्येक नट आधी सैल करून पुन्हा माझ्या हातात दिलात. बाई माणसाला कशाला, असं एकदाही तुमच्या तोंडून आलं नाही. आता पॉइंटची गॅप मी स्वतः बघते. फिलर, पॉलिश पेपर, एक जादा कंडेन्सर आणि पट्टा डिकीत असतो. आप्पांनी वहीत तुमचा क्रम उतरवून घेतला आहे, त्यांच्या जुन्या वळणदार अक्षरात.

गेल्या आठवड्यात आम्ही खंबाटकी पुन्हा चढलो, भर दुपारी. काटा मध्यावर गेला आणि तिथेच राहिला. वर पोचल्यावर आप्पांनी गाडी बंद करायला लावली, पाच मिनिटं थांबायला लावलं आणि मग म्हणाले, "मार सेल्फ." पहिल्या फेऱ्यात पकडली. गाडी विकायचा विषय त्यांनी त्यानंतर काढलेला नाही.

डिस्ट्रिब्युटरचा दांडा किंचित हलतो, बुश बदलावे लागतील, असं तुम्ही म्हणाला होतात. बुश मिळाले आहेत. दिवाळीनंतर गाडी घेऊन येतो, आप्पाही येणार आहेत. त्या वेळी मजुरी घ्यावी लागेल, हे आईने तुम्हाला आधीच कळवायला सांगितलं आहे.

काकूंना नमस्कार.

तुमची,
निळ्या डिलाइटवाली