वरच्या मजल्यावरच्या काकूंना

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

बायको हॉस्पिटलमधून घरी येऊन दोन महिने होतील. ती आली त्या दिवशीच हे पत्र लिहायला हवं होतं. तुमच्या दारात उभा राहून मी ‘थँक्यू’ म्हणालो होतो, पण मनात होतं त्यातलं काहीच त्या एका शब्दात आलं नाही. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण तुम्ही केलंत ते आमच्या दोन मजल्यांपुरतंच राहावं असं मला वाटत नाही.

ती सहा आठवडे हॉस्पिटलमध्ये होती. तिसऱ्या आठवड्यात लेकीनं आईसारखा पास्ता मागितला, खिम्याच्या सॉसचा. आठ वर्षांची पोर, तोवर तिनं काहीच मागितलं नव्हतं. मी दोनदा करून पाहिला. दोन्ही वेळा खिमा राखाडी, सॉस पाणचट आणि आंबट. तिनं तक्रार न करता चार घास खाल्ले आणि ताट सरकवलं. तिचं ते गप्प राहणं मला फार लागलं. त्याच संध्याकाळी जिन्यात तुम्ही विचारलंत, “पोरगी जेवते का नीट?” मला उत्तर देता आलं नाही.

रविवारी सकाळी दहा वाजता जाड बुडाचं पातेलं घेऊन तुम्ही आलात. मला वाटलं, तुम्ही करून देणार. तुम्ही मात्र ते ओट्यावर ठेवलंत, स्टूल ओढून बसलात आणि म्हणालात, “चल, कांदा घे.” त्या दिवशी तुम्ही कालथ्याला हातसुद्धा लावला नाहीत. मला आभार मानायचे आहेत ते याचे. डबा पाठवणं तुम्हाला किती सोपं होतं!

कांदा, गाजर आणि सेलरी, तिन्ही सारखीच आणि तांदळाच्या दाण्याएवढी बारीक. गाजरं लेकीनं सोलली. मंद आचेवर पंधरा मिनिटं, कांदा मऊ व्हायला हवा, लाल नाही. ते काढून ठेवलं आणि मी अर्धा किलो खिमा एकदम ओतायला निघालो, तेव्हा तुम्ही माझं मनगट धरलंत. माझं दोन्ही वेळा इथंच चुकलं होतं. सगळा एकदम घातला की खिम्याला पाणी सुटतं, आणि ते पाणी आहे तोवर पातेल्यातली उष्णता १०० अंशांच्या वर जात नाही. खिमा भाजला जात नाही, स्वतःच्याच पाण्यात शिजतो. म्हणून दोन वाटे करायचे, पसरायचे आणि ढवळायचे नाहीत. “आवाज ऐक,” तुम्ही म्हणालात. आधी बुदबुद, मग पाणी आटलं की तडतड. तो बदल एकदा कानात बसल्यापासून मी घड्याळाकडे पाहिलेलं नाही.

बुडाला धरलेला तपकिरी थर मी खराब झाला समजत होतो. तुम्ही त्यावर अर्धा पेला वाइन घालायला लावलीत आणि सगळा खरवडून घ्यायला सांगितलंत, कारण चव तिथंच असते. टोमॅटो अगदी थोडा. आणि शेवटी दूध! मी थबकलो. इटलीतल्या बोलोन्या शहरात इतकी वर्षं राहिलात, तिथं याला रागू म्हणतात, १९८२ मध्ये तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये नोंदवलेल्या कृतीतही दूध आहे, हे तुम्ही तेव्हाच सांगितलंत. आंबटपणा त्यानंच मऊ होतो.

मग तीन तास, सगळ्यात बारीक आच, मधूनच एखादा बुडबुडा. खिम्यातले चिवट धागे इतक्या वेळानंच विरघळतात आणि सॉसला अंग येतं, घाईचा इलाज नाही. त्या तीन तासांत तुम्ही लेकीचा गृहपाठ घेतलात आणि ती खेळायला गेल्यावर मला ऑपरेशनबद्दल विचारलंत. मी कुणाशीच बोललो नव्हतो, तुमच्याशी बोललो. मध्ये मध्ये उठून पातेल्यात पळीभर पाणी घालत होतो, त्यामुळे बोलणं सोपं गेलं. हातांना काम होतं.

पास्त्याच्या पाण्यात लिटरला १० ग्रॅम मीठ, तेल अजिबात नाही. मिनिटभर आधी काढून थेट सॉसमध्ये, सोबत पळीभर तेच पाणी. त्यातल्या पिठुळपणानं सॉस पास्त्याला धरून राहतो. बोलोन्यात रागूबरोबर स्पॅगेटी घेत नाहीत, पण लेकीला स्पॅगेटीच हवी होती आणि तुम्ही एका शब्दानं आडवं आला नाहीत. ती म्हणाली, “आईसारखा नाहीये. अजून वाढ.”

पुढच्या रविवारी तुम्ही पास्त्याचं पीठ शिकवलंत. १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं, दहा मिनिटं मळायचं, अर्धा तास झाकून ठेवायचं, म्हणजे लाटताना पोळी मागे आकसत नाही. खालून हात दिसेल इतकी पातळ लाटायची. ताल्यातेल्ले म्हणजे या पोळीच्या कापलेल्या लांब पट्ट्या. शिजलेली पट्टी ८ मिलीमीटर रुंद असावी, म्हणजे बोलोन्यातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग, आणि हेही १९७२ मध्ये नोंदवून ठेवलंय, हे ऐकून लेक पळत जाऊन मोजपट्टी घेऊन आली. कितीतरी दिवसांनी ती घरात पळाली होती.

बायको आली त्या रात्री मी तोच पास्ता केला. ती बराच वेळ हळूहळू जेवत राहिली. मग विचारलं, “यात काय घातलंयस?” मी बोलायच्या आत लेक म्हणाली, “दूध. काकूंनी सांगितलं.”

काकू, पातेलं अजून आमच्याकडेच आहे. या रविवारी दहाला चढवतो आणि एकच्या सुमारास आम्ही तिघं ते भरलेलं घेऊन वर येतो. पट्ट्या लेक कापणार आहे. पाणी तेवढं तुमच्याकडे उकळत ठेवा, इथं शिजवून आणल्या तर जिना चढेपर्यंत चिकटतील.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा